वळचणीला खोचलेली बाटली

यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक गोठ्यांत एक जागा ठरलेली असते. कुठे वळचणीची फट, कुठे भिंतीतला कोनाडा, कुठे दावी आणि घुंगरमाळांच्या शेजारी टांगलेली कापडी पिशवी. ढोरांची औषधं तिथे राहतात. ३० मिलीची तपकिरी काचेची बाटली, तिच्या रबरी बुचावर सुईची चार-पाच भोकं आणि तळाशी पेरभर औषध. पांढऱ्या पावडरची कुपी, जिच्यासोबतचं पाणी भलत्याच कामाला वापरलं गेलं. जंताच्या दोन गोळ्या, त्यातली एक मोडलेली. गोचिडाच्या औषधाची प्लास्टिकची बाटली, झाकण हरवलेलं, तोंडाला चिंधीचा बोळा. एखादी वापरलेली सिरिंज, सुईसकट. लेबलावरची तारीख शेणामातीच्या बोटांनी केव्हाच पुसून गेलेली.

हा साठा निष्काळजीपणातून झालेला नसतो. पैसे मोजून आणलेलं औषध फेकवत नाही, हे पहिलं कारण. दुसरं अंतराचं. उमरखेड तालुक्यातला जंगलातला बंदी भाग घ्या किंवा झरी जामणीतले कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या घ्या. रात्री बकरीचं पोट फुगलं तर दवाखाना गाठेस्तोवर उजाडतं. घरात काहीतरी असलेलं बरं, हे शहाणपण अनुभवातून आलेलं आहे. अडचण एवढीच की कोनाड्यातली बाटली त्या रात्री कामाला येईलच असं नाही. बऱ्याच इंजेक्शनांवर ३० अंशांखाली आणि उजेडापासून दूर ठेवा असं छापलेलं असतं, आणि यवतमाळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखाली तर त्याहून अधिक. शिवाय बुचात एकदा सुई गेली की छापील मुदतीला अर्थ राहत नाही. अनेक औषधं पहिल्यांदा टोचल्यापासून २८ दिवसांत संपवायची असतात. पाण्यात कालवलेली लस तर काही तासांतच. बाटलीवरची तारीख पुढच्या वर्षाची असली, तरी आतलं औषध कधीच निकामी झालेलं असू शकतं.

औषध गावात येण्याची वाट पक्की आहे. कारखान्याला परवाना लागतो, घाऊक व्यापाऱ्याला लागतो, दुकानदाराला लागतो, प्रतिजैविकाला डॉक्टरची चिठ्ठी लागते, लशीला बर्फाची पेटी लागते. प्रत्येक टप्प्यावर नोंद आहे. गोठ्यापाशी मात्र ही सगळी नोंद थांबते. उरलेल्या औषधाने आणि रिकाम्या बाटलीने परत कुठे जायचं, याची वाट कुणी आखलेली नाही. मग ती बाटली उकंड्यावर जाते, नाल्यात जाते, चुलीत जाते, भंगारवाल्याच्या पोत्यात जाते; आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी तिचं काहीतरी होतं.

औषध मुळात उरतं का, इथपासून सुरुवात करायला हवी, कारण अर्धं उत्तर बाटलीच्या आकारात आहे. मेलॉक्सिकॅम हे ताप आणि सूज उतरवणारं रोजच्या वापरातलं इंजेक्शन घ्या. एका मिलीत पाच मिलिग्रॅम औषध असलेली बाटली, आणि मात्रा साधारणपणे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. ३०० किलोच्या बैलाला ३० मिलीची बाटली एका खेपेत लागते. २५ किलोच्या बकरीला लागतात अडीच मिली. म्हणजे ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्याच्या गोठ्यात काही उरत नाही, आणि ज्या बाईकडे चार बकऱ्या आहेत तिच्या घरी बाटली जवळजवळ भरलेलीच राहते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे भूमिहीन घरांचा आधार बकरी आहे, तिथे हा हिशेब फार महत्त्वाचा. सर्वांत कमी पैसे असलेल्या घरात सर्वांत जास्त औषध उरतं.

बाटलीचा आकार हा किती गंभीर विषय असू शकतो, हे भारताने गिधाडांच्या बाबतीत पाहिलं आहे. पूर्वी गावाबाहेर ढोरं टाकायची जागा असे आणि मेलेल्या बैलाची विल्हेवाट गिधाडं काही तासांत लावत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. हजार होती तिथे एक राहिलं. आधी संशय साथीच्या रोगावर होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कारण सापडलं: डायक्लोफेनॅक. दुखण्यावर ज्या ढोराला हे इंजेक्शन दिलं ते थोड्याच दिवसांत दगावलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतो. 

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरी ते गोठ्यात येत राहिलं, कारण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक ३० मिलीच्या बाटलीत मिळत होतं आणि माणसाला एवढी मोठी बाटली लागतच नाही. ती बैलालाच लागते. अखेर २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीच्या इंजेक्शनचा आकार ३ मिलीवर आणला. एका बैलासाठी दहा कुप्या फोडणं महागही पडतं आणि कटकटीचंही होतं. आडमार्ग बराच अरुंद झाला. औषधाच्या बाटलीचा आकार बदलणं हा वन्यजीव संरक्षणाचा उपाय ठरल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच असेल. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या डिसेंबरात निमेसुलाईड यांच्यावरही जनावरांच्या वापरापुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक ठरलं आहे, म्हणूनच डॉक्टर आज ते देतात.

यात एक बाजू सुटून गेली. बंदी येते तेव्हा नवं उत्पादन थांबतं; गोठ्याच्या कोनाड्यातल्या जुन्या बाटलीपर्यंत राजपत्र पोचत नाही. ती परत घेऊन कोण येणार, कुठे देणार, तिचे पैसे मिळणार का, याचं उत्तर अशा अधिसूचनांबरोबर शेतकऱ्याच्या दारात आलेलं नाही. ज्या घरात केटोप्रोफेनची अर्धी बाटली पडून आहे, तिथे पुढच्या वेळी बैल लंगडला की तीच बाहेर निघणार. विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी खास उपाहारगृहं चालवली, तिथे मेलेली जनावरं पुरवली. असं जनावर कुठल्या गोठ्यातून आलं आणि त्याला शेवटच्या आठवड्यात काय टोचलं होतं, हे कळल्याशिवाय त्या कामालाही अर्थ नाही.

आता गोचिडाच्या औषधाकडे. यवतमाळमध्ये हा विषय काढताना २०१७ चा पावसाळा आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा शर्ट, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली. त्यातलं एक होतं प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण.

हेच सायपरमेथ्रिन जनावरांच्या गोचिडांवरही वापरतात. शेतीच्या दुकानात ते कपाशीच्या अळीचं औषध असतं, पशुवैद्यकीय दुकानात ते गोचिडाचं औषध असतं. मात्रा आणि त्यातली इतर द्रव्यं वेगळी, पण मूळ रसायन एक. शेतकरी शेतातल्या डब्याबद्दल आता सावध आहे. त्याला त्याची मोठी किंमत मोजावी लागली. गोठ्यातल्या डब्याबद्दल मात्र तेवढी भीती नाही, कारण तो ‘औषध’ म्हणून आलेला असतो आणि गाईच्या अंगाला लावायचा असतो.

डेल्टामेथ्रिन याच कुळातलं. गोचिडासाठी ते बहुधा १.२५ टक्के तीव्रतेत येतं, म्हणजे एका मिलीत साडेबारा मिलिग्रॅम. माणसाला आणि गाईला ते योग्य प्रमाणात फारसं बाधत नाही. माशांना ते अतिशय विषारी आहे. काही जातींचे मासे लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास एवढ्या अंशानेही मरतात. या हिशेबाने एक मिली औषध साडेबारा हजार लिटर पाणी त्या पातळीला नेऊ शकतं. प्रत्यक्षात बरंच रसायन गाळाला चिकटतं, त्यामुळे परिणाम इतका सरळ नसतो. पण नाल्याच्या डोहात बादली विसळणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो. यवतमाळच्या किती तरी तलावांत मासेमारी सोसायट्यांनी बीज सोडलेलं असतं. बैल धुवायची जागा आणि माशांची जागा एकच असते.

तिसरं रसायन अमिट्राझ. त्याची बाटली गोठ्यात ठेवायला सर्वांत धोक्याची, कारण त्याच्यावर खास असा उतारा नाही. लहान मुलाने चुकून प्यायलं तर मूल गुंगीत जातं, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, श्वास संथ होतो. वेळेवर रुग्णालयात आधाराचे उपचार मिळाले तर मुलं वाचतात. पण डॉक्टरला हे अमिट्राझ आहे हे कळायला हवं, नाहीतर लक्षणं कीटकनाशकांच्या वेगळ्याच गटाची वाटून उपचार चुकू शकतो. म्हणून रिकामी असो वा भरलेली, बाटली तिच्या लेबलासकट दवाखान्यात न्यावी. आणि म्हणूनच गोचिडाचं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवणं, ही सवय आधी मोडायला हवी.

सुई हा छोटा विषय वाटतो. तो छोटा नाही.

गोठ्यात टोचून झाल्यावर सुई हातातून निसटते आणि कुटारात पडते. गाय चारा चघळत बसत नाही; ती आधी गिळते, नंतर रवंथ करते. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या कुटाराबरोबर सुई आत जाते आणि जड असल्यामुळे पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, उतरते. हा कप्पा हृदयाच्या अगदी मागे असतो, मध्ये फक्त पडदा. पोट आकसलं की सुई पुढे सरकते, भिंत भेदते, कधी पडद्यातून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचते. गाय चारा सोडते, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावरून चालायला नकार देते, पुढचे पाय उंचावर ठेवायला बघते, गळ्याखालच्या पोळीला सूज येते. दूध आटलेलं असतं. अनेकदा गाय मेल्यावर शवविच्छेदनातच सुई किंवा तारेचा तुकडा सापडतो. ज्या सुईने तिला बरं केलं तीच तिच्या पोटात निघावी, याहून टाळता येण्याजोगं मरण नाही.

माणसाच्या बाजूने सर्वांत जपायची कुपी आहे ब्रुसेलोसिसच्या लशीची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी देतात, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व वगारींना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा देतात. या लशीत जिवंत जंतू असतात, दुबळे केलेले. पण माणसाच्या बोटात ती सुई टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर माणसाला आजार होऊ शकतो. येऊन-जाऊन येणारा ताप, सांधेदुखी, महिनोन्‌महिने न हटणारा थकवा. म्हणून लस टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालायचा असतो, आणि रिकामी कुपी निर्जंतुक केल्याशिवाय कुठेही टाकायची नसते. ती गावात मागे राहताच कामा नये. लसीकरणाच्या दिवशी गोठ्याभोवती पोरं जमतात, रंगीत झाकणं आणि चिमुकल्या कुप्या गोळा करतात. ब्रुसेलोसिसच्या दिवशी हे होऊ द्यायचं नाही, एवढं गावच्या कुणा एकाने पाहिलं तरी पुष्कळ.

लम्पी या ढोरांच्या त्वचारोगाच्या वेळी कुप्या-सुयांचा ताण मोठ्या प्रमाणावर आला. २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लम्पी पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, आणि राज्यभर गाई-बैलांना बकऱ्यांच्या देवीची लस मोफत टोचली गेली. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातली गाई-बैलांची संख्या १ कोटी ३९ लाखांच्या घरात होती. एवढ्या गोवंशाला अवघ्या काही महिन्यांत टोचायचं म्हणजे किती कुप्या, किती सिरिंजा, किती सुया. मेलेल्या जनावराला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, ही सूचना घरोघर पोचली आणि लोकांनी ती पाळली. कुप्या आणि सुयांबद्दल इतकं स्पष्टपणे कुणी कुणाला सांगितलं नाही.

उकंड्यावर फेकलेलं प्रतिजैविक तिथेच थांबत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध मातीच्या कणांना चिकटून राहतं. शेणखताबरोबर ते शेतात जातं, आणि वाटेत ज्या जंतूंना थोडं थोडं भेटतं ते त्याला सरावतात. औषध पाण्यात सुटलं तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून दक्षिणेला गेलं की भेटतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे शुद्ध करून सोडलं जात होतं, तिथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं. गोठ्यातल्या बाटलीची त्याच्याशी मापाने बरोबरी नाही. जंतूंच्या वागण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध आहे. ते वाचवण्यासाठीच भारताने २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांत त्याचा वापर थांबवला.

कासदाहाची, म्हणजे दगडीची, ट्यूबही याच गटातली. सडात औषध सोडून झालं की ती टोकदार प्लास्टिकची नळी गव्हाणीखाली पडून राहते. औषधावर दुधाची वेगळी मुदत छापलेली नसेल, तर नियमाप्रमाणे किमान सात दिवस ते दूध माणसाच्या तोंडी जाऊ नये. ते दूध वासरालाही पाजू नये आणि विहिरीच्या पाटातही ओतू नये. शेतात दूर, जिथे ढोरं चरत नाहीत, तिथे पसरून मातीत मुरवलेलं बरं.

मग करायचं काय? सांगोवांगीचे दोन उपाय आधी बाजूला काढायला हवेत. जाळणं हा पहिला. चुलीत किंवा पालापाचोळ्याच्या आगीत औषध पूर्ण जळत नाही. काच तडकून उडते, क्लोरीन असलेलं प्लास्टिक डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं सोडतं, आणि बंद कुपी फुटते. दुसरा उपाय म्हणजे परसात पुरणं. यवतमाळची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, आणि पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो. पांढरकवडा आणि झरीच्या पट्ट्यात हातपंपाच्या पाण्यात आधीच फ्लोराइडचा त्रास आहे. त्यात आणखी भर कशाला? जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतही पुरण्याची मुभा आहे ती जिथे कचरा प्रक्रियेची सामायिक सोय पोचत नाही अशा दुर्गम भागापुरती, आणि तीही मोजून मापून: सुमारे दोन मीटर खोल खड्डा, अर्धा कचऱ्याने भरलेला, वर चुना, त्यावर माती, भोवती जनावर उकरू नये अशी जाळी, जवळपास उथळ विहीर नाही, पूर येईल अशी जागा नाही, आणि नियमानुसार मंजुरी. घरामागचा फावड्याचा खड्डा यात बसत नाही.

परदेशात घरच्या औषधांसाठी सांगतात की गोळ्या माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून पिशवी बांधा आणि कचऱ्यात टाका. तिथे कचऱ्यावर गाय चरत नाही. इथे चरते, पिशवीसकट खाते. त्यामुळे आपल्या गावात हा सल्ला चालत नाही, आणि इंटरनेटवरून उतरवून तो पसरवूही नये.

गोठ्यात करण्यासारखं जे आहे ते साधं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट जशी आहे तशीच करायला हवी. सुईसाठी जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी. टोचून झालं की सुईला टोपण परत लावायचं नाही, कारण टोपण लावतानाच ती बोटात घुसते. तशीच बरणीत सोडायची आणि झाकण फिरवायचं. बरणीवर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहायचं. काचेच्या कुप्या आणि बाटल्यांसाठी दुसरा डबा. त्या धुवायच्या नाहीत, कारण धुतलेलं पाणी कुठेतरी जाणारच. त्यांत तेल, रॉकेल, हळद, शाई, काहीही भरायचं नाही. मुदत संपलेलं किंवा उघडून जुनं झालेलं औषध त्याच्याच बाटलीत, लेबल शाबूत ठेवून, तिसऱ्या डब्यात. दोन औषधं एकत्र ओतायची नाहीत. तीनही डबे मुलांच्या हाताबाहेर, चाऱ्यापासून आणि धान्यापासून दूर, कुलपात. शेजाऱ्याची गाय आजारी पडली तरी या डब्यातून काही द्यायचं नाही.

गोचिडाच्या औषधाची रिकामी बाटली मात्र वेगळी वागवायची, ती धुवायची. पाव बाटली पाणी घ्यायचं, झाकण लावून अर्धा मिनिट खळबळवायचं, ते पाणी त्याच दिवशीच्या फवारणीच्या द्रावणात ओतायचं, असं तीनदा. मग बाटलीला खिळ्याने भोकं पाडायची, म्हणजे कुणी पाणी प्यायला ती उचलणार नाही. शेतातल्या कीटकनाशकांच्या डब्यांसाठी जगभर हीच पद्धत आहे. फवारणीचं द्रावण तेवढ्या ढोरांपुरतंच कालवायचं. बादलीत उरणारच नाही असं मोजून घेतलं की नाल्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

एवढं केल्यावर हे डबे द्यायचे कुठे, हा खरा प्रश्न. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत माणसांच्या रुग्णालयांबरोबर पशुवैद्यकीय संस्था आणि लसीकरण शिबिरंही येतात. दवाखान्यात सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. मुदत संपलेली औषधं आणि लशी पिवळ्या पिशवीत जाळण्यासाठी.  दवाखान्याची जबाबदारी इतकी नेमकी लिहिली आहे. शेतकऱ्याचा गोठा मात्र पशुवैद्यकीय संस्था नाही. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं आणि सुया घरगुती घातक कचऱ्यात मोजल्या आणि त्यासाठी जमा केंद्रांची तरतूद केली, पण त्या नियमांचा रोख शहरांवर होता. राळेगावच्या किंवा महागावच्या खेड्यातली बकरीवाली बाई दोन्हींच्या मधल्या फटीत राहिली.

ही फट बुजवता येते, हे इतरांनी दाखवलं आहे. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून ड्रममस्टर योजना शेतकऱ्यांकडून धुतलेले रिकामे डबे गोळा करते, आणि केमक्लिअर ही तिची जोडयोजना शेतीची आणि जनावरांची उरलेली रसायनं घेते. कॅनडात क्लीनफार्म्स ही संस्था जुन्या कीटकनाशकांबरोबर जनावरांची नको असलेली औषधंही स्वीकारते. ब्राझीलने २००० मध्ये कायदाच केला: कीटकनाशकाचा रिकामा डबा शेतकऱ्याने परत करायचा, विक्रेत्याने घ्यायचा, उत्पादकाने नेऊन नष्ट करायचा. आपल्या देशात केरळने २०२५ मध्ये कोझिकोडहून घरोघरची जुनी औषधं गोळा करायचं काम सुरू केलं. ती माणसांची औषधं आहेत, पण गाडी, डबा आणि जाळण्याची सोय यांत जनावराच्या आणि माणसाच्या गोळीत फरक नसतो.

गोळा झालेल्या औषधाचं पुढे काय करायचं, याचाही अनुभव जगापाशी आहे. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाच्या युद्धात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी अंदाजे १७,००० टन निरुपयोगी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये नको असलेल्या औषधांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यातली एक रीत अशी: गोळ्या वेष्टनातून काढून कुटायच्या आणि वजनाने ६५ भाग औषध, १५ भाग चुना, १५ भाग सिमेंट, ५ भाग पाणी असं कालवून त्याचा घट्ट गोळा करायचा. औषध त्यात बांधलं जातं. हे काम प्रशिक्षित माणसांनी मास्क-हातमोजे घालून करायचं, शेतकऱ्याने घरी नाही. दुसरी आणि अधिक चांगली वाट सिमेंटच्या भट्टीची. तिच्यात माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक औषधांचे रेणू त्यात टिकत नाहीत. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला चुनखडीच्या जोरावर २०२२ पासून मोठा सिमेंट प्रकल्प चालू आहे. अशा भट्टीत घातक कचरा घालायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वतंत्र परवानगी आणि चाचण्या लागतात. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतलं तर त्याची विचारणा याच जिल्ह्यात करता येईल.

गावापासून तालुक्यापर्यंतच्या वाटेसाठी नवीन गाडी लागणार नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी पशुधन पर्यवेक्षक वर्षातून दोनदा गोठ्यात येतातच. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय गाडी आहे. उमेद अभियानातल्या पशुसखी बकऱ्यांचं जंतनिर्मूलन आणि लसीकरण करतात. कुणाच्या कोनाड्यात काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. लस बर्फाच्या पेटीतून येते, त्या पेटीत कचरा घालायचा नाही, पण त्याच गाडीत एक पिवळा आणि एक पांढरा डबा ठेवायला जागा असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने आपल्या कचऱ्याच्या मंजुरीत गावातून येणाऱ्या कचऱ्याचीही नोंद करून घ्यायची, आणि माणसांच्या रुग्णालयांचा कचरा उचलणाऱ्या गाडीकडे तो सोपवायचा. लसीकरणाची तारीख ग्रामपंचायत दवंडीने किंवा व्हॉट्सॲपवर कळवतेच. त्यात एक ओळ वाढवायची, की येताना सुयांची बरणी आणि जुन्या बाटल्या घेऊन या.

दुकानदाराचाही यात वाटा हवा. न उघडलेली, मुदतीतली बाटली पावतीसह परत घेतली तर ती कोनाड्यात जाणारच नाही. आणि कंपन्यांनी बकऱ्यांसाठी पाच मिलीच्या कुप्या बाजारात आणल्या, तर भूमिहीन घरांचे पैसेही वाचतील आणि उरलेल्या साडेसत्तावीस मिलीचं काय करायचं हा प्रश्न पडणार नाही. पशुसंवर्धन खातं दरवर्षी औषधांची खरेदी करतं. खरेदीच्या अटींत लहान कुपीची मागणी घालणं त्याच्या हातात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निविदेतली एक अट पुरते.

तोवर ज्या घरी तीन डबे तयार आहेत, त्यांनी पुढच्या लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरसाहेबांना विचारावं की हे दवाखान्यात घेता का. घेत नसतील, तर ग्रामसभेत तो विषय लेखी मांडावा आणि पंचायत समितीकडे पाठवावा. डबे कुलपातच राहू द्यावेत.